येते म्हणालीस, ते कुठं?

विमल,

भांड्यावर लिहायचं असतं तर तीन ओळींत काम झालं असतं. वर कै. सौ., मधे तुझं नाव, खाली माझ्याकडून. लोकांच्या बायकांची अशी कितीतरी नावं घातली मी, हात न थांबवता. गिऱ्हाईक समोर डोळे पुसत उभं असायचं आणि मी विचारायचो, वेलांटी पहिली की दुसरी. आता कागदावर लिहायला बसलोय तर पहिलीच ओळ चार वेळा खोडली. स्टीलवर खोडता येत नाही, म्हणून तिथं माणूस आधी विचार करून मशीन टेकवतो. कागदावर मला ते जमत नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, जसं येईल तसं घे.

मोरव्याचं घर बघणाऱ्या वृंदाताईंनी लिहायला सांगितलं. म्हणाल्या, काका, जे बोलायचं राहिलं ते लिहा, घरात सगळ्यांना वाचून दाखवू. तुला सगळं माहीत आहे, तरी तुझ्या खाटेवर उद्या कोणी नवीन बाई येईल, तिलाही कळायला पाहिजे, म्हणून मी नीट सांगत जातो. तू मधे मधे "हे कशाला सांगताय" म्हणशील. म्हण.

मला एकच विचारायचं आहे. त्या गुरुवारी कोपऱ्यावर तू मला "येते" म्हणालीस. ते कशाला म्हणालीस?

दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसतील. निघताना माणूस येतोच म्हणतो. पण तू म्हणत नव्हतीस. मोरव्याच्या त्या घरात तू राहायला गेलीस तेव्हापासून मला तुझ्या तोंडून "येते" ऐकायला मिळालं नाही. सणाला मी तुला आपल्या खोलीवर आणायचो. मोरव्याहून निघताना तुझ्याबरोबर राहणाऱ्या रोझीला आणि नलूला तू म्हणायचीस, "येते गं." दोन दिवस राहून आपल्या खोलीतून निघालीस की मला म्हणायचीस, "जाते." मी चिडायचो. "जाते म्हणू नये, कितीदा सांगू. येते म्हण." तू चपला घालत म्हणायचीस, "जातेय ना, मग जाते." एकदा जिन्यावर माझा आवाज चढला तर तू खालून म्हणालीस, "तुम्ही म्हणता की येतो. पुरेल दोघांना."

ते मला लागलं. का लागलं तेही लिहितो, कारण ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ताईंना माहीत असेल, पण माझ्या तोंडून नाही.

परळची खोली सोडून आपण भाईंदरला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे मिठागरं होती आणि जिन्यात अजून सिमेंटचा वास होता. तू म्हणालीस, इथं बोलायला माणूस नाही. मी म्हणालो, येतील हळूहळू. आले ते गुजराती, मारवाडी, युपीवाले. तुला हिंदी बोलायची लाज वाटायची. मी सकाळी जायचो तो शेठच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून दिवसभर नावं घालायचो. चुकलेलं भांडं घरी यायचं. मीनाच्या जागी मिना झालं, किंवा लग्न मोडलं आणि गिऱ्हाईक डबा न्यायला आलंच नाही, की शेठ म्हणायचा, "काका, अब ये कौन लेगा, आप ले जाओ." मी खुशीत आणायचो. आपल्या मांडणीवर एकही भांडं आपल्या नावाचं नव्हतं. तुला गंमत वाटायची. "आज मिनामध्ये भात आहे आणि प्रकाशमध्ये आमटी." पाणी प्यायचा तांब्या कै. गोदावरी यांच्या स्मरणार्थ होता. त्यात कै.ला माझ्याकडून एक काना जास्त पडला होता.

मग एक दिवस तू म्हणालीस, गोदावरीबाई पाणी मागतायत. मी हसलो. म्हणालो, दे की, त्यांचाच तांब्या आहे. आणि तू खरंच मोरीत जाऊन अर्धा तास पाणी ओतत बसलीस.

मी दोन महिने हसत होतो, विमल. मला वाटायचं माझी बायको विनोदी झाली.

पुढे मिना तुला शिव्या द्यायला लागली, प्रकाश दाराशी उभा राहायला लागला. तू त्यांच्या भांड्यात जेवेनाशी झालीस, आणि घरात तर दुसरी भांडी नव्हतीच. दुपारी एकदा तू मांडणीवरचं सगळं गॅलरीतून खाली टाकलंस. नशीब कोणाला लागलं नाही. सेक्रेटरी गुप्ताजी वर आले. "भाईसाब, कुछ करो, नीचे बच्चे खेलते हैं." काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. तुझा भाऊ आला, आपण तुला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी वेड्यासारखा खालची सगळी भांडी गोळा करून परत वर आणली. चेमटलेली. ती आणायला नको होती का, हा एक प्रश्न आहे. मुळात आणली म्हणून तू आजारी पडलीस का, हा दुसरा. ताईंना मी आडून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आजार भांड्यांतून येत नाही, काका, आला असता तर निम्मं भाईंदर आजारी पडलं असतं. मी मान हलवली. पण तुला कधी विचारलं नाही. तू हो म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?

हॉस्पिटलात दोन वर्षं झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बऱ्या आहेत, गोळ्या चालू ठेवा, घेऊन जा. तू पिशवी घेऊन बाकावर बसली होतीस. केस बारीक कापलेले. मी म्हणालो, खोली नीट करून घेतो, पुढच्या रविवारी येतो. तू विचारलंस, "नक्की?" मी म्हणालो, "येतो म्हटलं ना."

वर्षावर दोन महिने मी आलो नाही.

कारण असं काही नव्हतं. असतं तर लिहिलं असतं. खोली नीट होती. दर रविवारी मी अंघोळ करून धुतलेला सदरा घालायचो, जिन्यावरून खाली उतरायचो आणि खाडीच्या बाजूला चालायला लागायचो. घाबरलो होतो. तुला घाबरलो, गुप्ताजींना घाबरलो, एकट्याने तुला सांभाळायला घाबरलो. आणि खोटं कशाला सांगू, एकट्याने राहायची सवयही झाली होती.

मग एकदा दुकानासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या, हातात नवा डबा. मी मशीन हातात घेतलं, म्हणालो, काय घालू? त्या म्हणाल्या, "विमल." मी म्हणालो, आडनाव? त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच सांगा. नवरा तुम्ही."

त्या वृंदाताई. मला वाटलं चारचौघांत माझी अब्रू काढायला आल्या. त्या स्टुलाशेजारी उकिडव्या बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. मोरव्यात तळमजल्याचं एक बैठं घर भाड्याने घेतलंय, हॉस्पिटलातून सुटायला झालेल्या पण घरचं कोणी न नेलेल्या बायका तिथं मिळून राहणार, विमल त्यातली एक. तिने हो म्हटलंय. तुमची परवानगी मागायला नाही आले, तुम्हाला पत्ता द्यायला आले. मी विचारलं, तिथं त्यांना सांभाळणार कोण? त्या म्हणाल्या, "बहुतेक त्याच एकमेकींना. कमी पडेल तिथं आम्ही."

मी म्हणालो, वेड्यांनी वेड्यांना सांभाळायचं? तो शब्द मी वापरला. दुसऱ्याच गुरुवारी ताईंनी तुझ्यासमोर मला तो परत घ्यायला लावला. तू म्हणालीस, "राहू द्या हो ताई, त्यांना दुसरा येत नाही."

गुरुवार, कारण शेठचं दुकान गुरुवारी बंद. चार वाजता मी यायचो. पहिला महिनाभर बाहेरच्या ओट्यावरच बसायचो, आत न येता परत जायचो. मुर्ध्याहून मंजुळाबाई कामाला यायच्या, सकाळी येऊन संध्याकाळी जायच्या. मला वाटायचं, ही बाई स्वयंपाक करणार, गोळ्या देणार, पहारा देणार. तर ती भाजी निवडत बसायची आणि स्वयंपाक तुम्ही करायचात. गोळ्यांचे डबे जिच्या तिच्या खाटेखाली. मंजुळाबाई फक्त विचारायच्या, "घेतलीस का गो? मना दाखवू नको, मी काय मास्तरीन न्हाय." कोणाचं बिनसलं तर त्या नुसत्या जवळ जाऊन बसायच्या, सुपात काहीतरी घेऊन. नलू तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा तिच्या पाठीशी बसून त्यांनी तीन दिवस सुका जवळा निवडला. घरभर वास. चौथ्या दिवशी नलू उठली आणि म्हणाली, "आता बास करा तो जवळा." तेच तिचं बरं होणं. मला यातलं काहीही कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळतं असं नाही.

दाराला कुलूप नाही यावरून मी किती भांडलो आठवतंय? मी म्हणालो, एखादी निघून गेली तर? तू म्हणालीस, "मग जाऊ दे, येईल." गुरुवारी तुमची बैठक असायची, चहा घेऊन. भाजी कोणती, बाजाराला कोण, टीव्ही किती वाजता बंद, सगळं हात वर करून ठरायचं. मी कुलपाचा विषय काढला. ताईंनी वहीत लिहून घेतला. तुम्ही तिघींनी हात खाली ठेवले. मी हात वर केला तर रोझी म्हणाली, "अंकल, तुमचा हात चालत नाय. तुमी पावणे." उत्तनची पोर, तोंडाने फटकळ. पुढे एकदा मला म्हणाली, "अंकल, तुमी आले की विमल दोन चपात्या जास्ती खाते, आनि मग रडते." मी तुला विचारलं, का रडतेस? तू म्हणालीस, "दोन जास्त होतात म्हणून."

हे असं. सरळ उत्तर तू कधी दिलं नाहीस. म्हणून तर मी असा अडकलोय.

घराला वर्ष झालं म्हणून मी शेठकडून तीन ताटं आणली होती, नवी, चांगल्या गेजची, जाड पत्र्याची. मशीनही पिशवीत घालून आणलं होतं. म्हणालो, प्रत्येकीच्या ताटावर नाव घालतो, हॉस्पिटलात नंबर असायचे, आता नावं असू देत. मला वाटलं तुला आनंद होईल. तुझा चेहरा एकदम उतरला. तू म्हणालीस, "नावं नकोत." मी म्हणालो, मग कुठलं कोणाचं कसं कळणार? तू म्हणालीस, "कळायला कशाला पाहिजे? आमची आहेत." बैठकीत हात वर झाले. या घरात कुठल्याही भांड्यावर नाव घालायचं नाही. ताईंनी वहीत लिहिलं, तुमची सही घेतली. मी मशीन तसंच परत नेलं. रस्ताभर मनात शिव्या देत होतो. माझा सगळा धंदाच नावाचा, आणि बायको म्हणते नाव नको.

खूप दिवसांनी, असाच विषय निघाला तेव्हा, मी विचारलं, मिना आता बोलते का? तू म्हणालीस, "येते कधीकधी. पण मोठी झाली आता, हळू बोलते." आणि हसलीस. मीही हसलो. त्यावर मला पुष्कळ विचारायचं होतं. चहा आला.

मागच्या पावसाळ्यापासून मी तुला म्हणायला लागलो, घरी चल. गुडघे गेले, दुकानातलं बसणं होत नाही, खोली खायला उठते. तू म्हणालीस, "म्हणजे पोळ्या करायला." मी म्हणालो, नाही, मी तुझी काळजी घेईन. तू म्हणालीस, "माझ्या गोळ्यांची नावं सांगा." मला एकही सांगता येईना. तू म्हणालीस, "गावाची नावं घालता आणि." मग मी मंजुळाबाईंकडून कागदावर लिहून घेतली, आठवडाभर घोकली आणि पुढच्या गुरुवारी तुझ्यापुढे उभं राहून म्हणून दाखवली, शाळेत पाढे म्हणतात तशी. नलूने टाळ्या वाजवल्या. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मधली डॉक्टरांनी परवाच बदलली." पण त्या दिवशी तू नाही म्हणाली नाहीस. "बघते" म्हणालीस.

त्याच्या पुढचा गुरुवार तो. तू ओट्यावर लसूण सोलत होतीस. मी म्हणालो, काय बघितलंस? तू म्हणालीस, "अजून बघतेय." मी म्हणालो, हो की नाही ते सांग, माझं वय झालं. तू म्हणालीस, "माझं काय उतरतंय?" मग मी निघालो. नेहमी तू फाटकापर्यंत यायचीस. त्या दिवशी कोथिंबीर आणायची म्हणून पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत आलीस. तिथून तुला बाजाराकडे जायचं, मला घराकडे. मी म्हणालो, येतो. तू दोन पावलं गेलीस, वळलीस आणि म्हणालीस, "येते."

नुसतं येते. हसून नाही, रडून नाही. आणि गेलीस कोथिंबिरीला.

मी घरी येऊन पहिल्यांदा तुझी खाट झटकली. सकाळ होताच गादी उन्हात टाकली, दोन्ही दिवस. चेमटलेली भांडी माळ्यावर पडली होती, ती पोत्यात भरून भंगारवाल्याला दिली, म्हटलं, तिच्या नजरेला पडायला नकोत. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मंजुळाबाई दारात. त्या कधी माझ्या खोलीवर आल्या नव्हत्या, मला वाटलं तू सामान पाठवलंस. मी म्हणालो, विमल कुठाय? त्या म्हणाल्या, "काका, चला. विमलबाय ऱ्हायली न्हाय." मी म्हणालो, कुठं राहिली नाही? असं विचारलं मी. त्या म्हणाल्या, "तरास न्हाय झाला हो तिला. फणी हातान होती."

डॉक्टर म्हणाले हृदय. ठीक आहे. त्यांना माहीत.

मी आलो तर त्यांनी तुला तुझ्या खाटेवर नीट झोपवलं होतं. अर्धे केस विंचरलेले होते, उरलेले नलू विंचरत होती. तुझा भाऊ म्हणाला, भावजी, नवऱ्याच्या घरून न्यायला पाहिजे, इथून कशी नेणार? ताई म्हणाल्या, काका, तुम्ही ठरवा, पण रोझीला नि नलूला एकदा विचारा. मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच, येते म्हणाली होती. म्हणालो, गाडी बोलवा, खोलीवर नेऊ. रोझी दारात आडवी झाली. "अंकल, ती इथं घरी हाय. तिला परत कुठं फिरवता?" मी तिचा हात धरून बाजूला केला.

जिना अरुंद. तीन मजले चार माणसांनी तुला तिरकं धरून चढवलं. गुप्ताजींनीही एक बाजू धरली होती, तेही आता थकलेत. उन्हात घातलेली गादी मी तेव्हाच आत घेतली, अजून जरा गरम होती. तासभर तू आपल्या खोलीत होतीस. रोझी आणि नलू जिन्यावर बसून राहिल्या, आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मग परत तीन मजले खाली.

तेव्हापासून मी हेच करतोय. येते म्हणजे हो, घरी येते, असं तू म्हणालीस का? मग मी तुला आणलं ते बरोबर केलं. की लोक म्हणतात तसं म्हणालीस, इतकी वर्षं मी मागे लागलो होतो म्हणून, एकदाचं म्हणून टाकलंस, म्हाताऱ्याला बरं वाटेल? मग रोझीचं बरोबर होतं, मी तुला तुझ्या घरातून उचलून उगाच तीन मजले वर नेलं आणि खाली आणलं. की तू फक्त कोथिंबीर घेऊन येते म्हणालीस आणि मला ऐकू आलं भलतंच? आणि एक चौथंही आहे. ते मनात आलं की मी उठून पाणी पितो. हॉस्पिटलच्या बाकापाशी मी "येतो" म्हणालो होतो, तसंच तू "येते" म्हणालीस का? म्हणजे येणार नाही असं.

नलूला विचारलं. ती म्हणाली, "भावजी, कोथिंबीर आणली तिने. चांगली होती." रोझीला विचारायची हिंमत झाली नाही. मंजुळाबाईंनी तुझ्या खाटेखालची पिशवी काढून दिली. मी घाईने बघितली. दोन लुगडी, परकर, साबण, टॉवेल. भरून ठेवलेली. म्हटलं, बघा, निघायची तयारी होती. मंजुळाबाई म्हणाल्या, "न्हाय काका. ती आली तवापासून पिशवी भरूनच ठेवायची. दर रविवारी काढून धुवायची नि परत भरायची. मी इचारला तर बोलायची, सवय."

दर रविवारी.

ते ऐकल्यापासून मला काय वाटतं ते मला लिहिता येत नाही. शब्द असेल, चौथीच्या पुढच्या पुस्तकात.

तेराव्याला मी शेठकडून पाण्याचं मोठं पिंप आणलं, तोटीचं. शेठने स्वतः निवडून दिलं. मशीन घेऊन मोरव्याला गेलो. म्हटलं, तिच्या स्मरणार्थ घरात राहू दे. ओट्यावर पिंप आडवं ठेवलं, पेन्सिलीने ओळ आखली. ताई म्हणाल्या, काका, थांबा, नावाचा नियम आहे, तिनेच केलेला, वहीत आहे. बैठक बसली. रोझी माझ्याकडे न बघता म्हणाली, "विमलचा नाव पायजे. नायतर नवीन येईल तिला काय म्हाईत, कोन होती." आणि हात वर केला. नलू म्हणाली, "विमलला आवडायचं नाही. मी नाही." एक हो, एक नाही. ताई मत देत नाहीत, मंजुळाबाईही नाहीत. रोझी म्हणाली, "आता? तिसरा हात तर विमलचा होता." ताईंनी पेन खाली ठेवलं. मग रोझीच म्हणाली, "अंकल, आज तुमचा हात चालेल. तिचा म्हनून."

माझ्या हातात मशीन होतं. विमल, मला नाव घालायचं होतं. आयुष्यभर परक्यांची घातली, तुझं एकदाही घातलं नाही. आपल्या घरात तुझ्या नावाचं एक भांडं नव्हतं, हे मला त्या ओट्यावर बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. आणि त्याच वेळी मला गोदावरीबाई आठवल्या, पाणी मागणाऱ्या. पाण्याच्या पिंपावर कै. घातलं, नवीन बाई आली, आणि तिला तू पाणी मागताना ऐकू आलीस तर? ताई म्हणतात, असं होत नाही. नसेल होत.

मी मशीन पिशवीत ठेवलं. पेन्सिलीची रेघ थुंकी लावून पुसली. म्हणालो, नाव नको. ताईंनी वहीत लिहिलं आणि पहिल्यांदा माझी सही घेतली. मी माझं नाव घातलं आणि कंसात तुझं.

रोझीने पिंप उचलून आत नेलं, भरलं आणि पहिला पेला मला आणून दिला. मी तिला म्हणालो, त्या दिवशी तुझा हात ओढला, चुकलं. ती म्हणाली, "चुकलं ते चुकलं. पानी प्या."

निघालो तर ती फाटकापर्यंत आली, तू यायचीस तशी. कडीवर हात ठेवून म्हणाली, "अंकल, आता विमल नाय. तुमी येनार काय?"

"येतो" तोंडात आलं होतं, सवयीने. गिळलं. म्हणालो, "गुरुवारी. चार वाजता."

ती म्हणाली, "बरं," आणि फाटक लावून घेतलं, कडी न घालता.

तू पण वार सांगायला पाहिजे होतंस, विमल.